गुडघ्याचा सांधा

गुडघा हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात मोठा सांधा. शाळेत त्याला बिजागरीचा सांधा म्हणून मोकळे होतात, पण ते अर्धंच खरं आहे, कारण दाराची बिजागरी एकाच जागी फिरते आणि गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर थोडं गडगडतं, थोडं घसरतं आणि वर थोडं पिळवटतंही.

हाडं तीनच. वर मांडीचं म्हणजे फीमर, खाली नडगीचं म्हणजे टिबिया आणि पुढे वाटी. नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, या सांध्यात येतच नाही. वाटी नुसतं झाकण नाही बरं का, ती मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूची दोरी सांध्यापासून पुढे उचलून धरते म्हणून पाय सरळ करायला जोर कमी लागतो. तान्ह्या बाळाची वाटी कुर्चेची असते, तिचं हाड व्हायला साधारण ३ ते ६ वर्षांच्या वयात सुरुवात होते, त्यामुळे त्याआधी एक्स-रेत ती दिसत नाही.

फीमरचं टोक गोल आणि टिबियाचा माथा जवळपास सपाट, त्यामुळे नुसत्या हाडांवर हा सांधा टिकलाच नसता. मध्ये दोन गाद्या असतात, मेनिस्कस. आतल्या बाजूची गादी तिथल्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्याला, घट्ट चिकटलेली असल्याने तिला फारसं सरकता येत नाही आणि म्हणूनच फाटते तीच जास्त. रक्तपुरवठा गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला असतो, आतल्या भागात चीर गेली तर ती आपोआप भरून येणं अवघड. बाकी पकडून ठेवायचं काम चार लिगामेंटचं: दोन बाजूंना दोन, आणि मधोमध एकमेकांना छेदून जाणारी दोन. त्यातलं पुढचं, एसीएल, नडगीला पुढे घसरू देत नाही. कबड्डी-फुटबॉलमध्ये पाय रोवलेला असताना अंग गर्रकन वळलं की बहुतेक वेळा हेच तुटतं.

आता खरी गंमत. खुर्चीवर बसा, वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्यावर बोट ठेवा आणि पाय हळूहळू सरळ करा, अगदी शेवटी तो उंचवटा किंचित बाहेरच्या बाजूला सरकतो. म्हणजे टिबिया बाहेर वळून सांधा लॉक होतो. या लॉकमुळेच आपण तासन्‌तास उभे राहू शकतो, मांडीच्या स्नायूंना फार राबावं लागत नाही. लॉक उघडतो पॉप्लिटियस नावाचा गुडघ्यामागच्या लवणीतला छोटासा स्नायू. गुडघा सरळ असताना नडगी जवळजवळ फिरत नाही, पण वाकवून टाच टेकवली की पावलाचा चवडा आत-बाहेर आरामात वळतो. मांडी घालून बसताना हे वळणं लागतंच.

साधं चालायला ६०-७० अंश वाकणं पुरतं, जिन्याला त्याहून जास्त लागतं, आणि उकिडवं बसायचं तर १३० अंशांच्या पुढे. त्यामुळे भारतीय पद्धतीचा संडास, पंगत, वज्रासन यात आपला गुडघा खुर्चीवरच्या माणसापेक्षा बराच जास्त वाकतो. उठताना कट्ट वाजतं ते मात्र दुखत नसेल, सूज नसेल तर सहसा चिंतेचं नसतं; गुडघा मध्येच अडकायला लागला किंवा चालता चालता दगा द्यायला लागला तर डॉक्टरांना दाखवावा.