घरी बांधलेलं विमान, वॉटरबॉर्न पेंट आणि हवेतला दमटपणा

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी माणसं आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी कॅटेगरीच आहे, मुख्य अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेपोटी केलेलं पाहिजे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनी विस्कॉन्सिनमध्ये अशा लोकांची एक संघटना काढली, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, तिची जत्रा आजही दर उन्हाळ्यात ऑशकॉशला भरते. आपल्याकडे हे वेड दुर्मिळ, तरी कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते बीकेसीला ठेवलं होतं, हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

रिव्हेट मारून झाले, इंजिन बसलं, कित्येकदा तर विमान उडूनही आलं की मग शेवटी उरतो रंग. निम्म्या कामाच्या त्या हिशोबात रंगकाम धरत नाहीत, त्यामुळे ते बाहेरून करून घ्यायला काही अडचण नाही, पण पेंट शॉपवाले त्याचे हजारो डॉलर लावतात, आणि एवढी वर्षं घालवून विमान स्वतः बांधणारा माणूस इथे येऊन गप्प बसेल हे जरा कठीणच. मग तो स्प्रे गन आणतो. थिनरवाला रंग घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मारायचा म्हणजे वास घरभर, आग लागायची भीती, शेजाऱ्यांच्या तक्रारी, म्हणून बरेच जण वॉटरबॉर्न पेंटकडे वळतात, म्हणजे ज्यात थिनरची जागा बहुतांशी पाण्याने घेतलीय असा रंग. आणि इथे गंमत होते. ज्याने आयुष्यभर गाड्यांना डुको मारलाय त्याचाही पहिला पॅनल ओघळांनी भरतो, आणि तो बिचारा आपल्या हाताला दोष देत बसतो. माझं म्हणणं असं की हात बऱ्याचदा ठीकच असतो, त्याने हवा वाचलेली नसते.

रंगात थिनर मुळात कशाला? तर घट्ट राळ पातळ करून गनमधून बाहेर पडेल अशी करायला, आणि मग काम झालं की उडून जायला. हे उडून जाणं नेहमीच निर्धोक नव्हतं. पहिल्या महायुद्धात विमानाच्या पंखांवर कापड ताणून त्यावर 'डोप' नावाचं एक लुकण लावायचे, त्यातल्या टेट्राक्लोरोइथेन या द्रावकाने इंग्लंडच्या कारखान्यातल्या कामगारांना कावीळ झाली, काही जण दगावले. पुढे लॉस एंजेलिसला धुरक्याने लोक हैराण झाले तेव्हा १९६६ मध्ये तिथे रंगांमधल्या द्रावकांवर नियम आला, आणि युरोपने २००७ पासून गाड्यांच्या रिपेंटिंगच्या रंगात लिटरमागे किती द्रावक चालेल याला मर्यादा घातली. मोठ्या गॅरेजमध्ये वॉटरबॉर्न आला तो असा, आणि तिथून हौशी विमानवाल्यांपर्यंत.

डब्यात जे असतं ते पाण्यात विरघळलेलं नसतं हे आधी लक्षात घ्या. पॉलियुरेथेनचे अतिसूक्ष्म गोळे, साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचे, पाण्यात तरंगत असतात, भिंतीच्या इमल्शनमध्ये असतात तसेच. पाणी उडत जातं तसे गोळे जवळजवळ येतात, एकमेकांना चिकटतात, दाबले जाऊन चपटे होतात आणि मग त्यांच्या सीमा पुसल्या जाऊन एकसंध पापुद्रा बनतो. यासाठी थोडी ऊब लागते, एका ठराविक तापमानाच्या खाली गोळे कडकच राहतात आणि नीट मिसळत नाहीत. डबा थंडीत गोठला तर सगळं फाटतं आणि परत जुळत नाही, म्हणून विस्कॉन्सिनचा माणूस हिवाळ्यात रंगाचे डबे गॅरेजमधून उचलून घरात आणतो. विमानाच्या टॉपकोटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या थराच्या रंगात, एक हार्डनरही मिसळायचा असतो, त्याच्याकडे नंतर येतो.

आता हवेचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, टोल्यूइनसारख्या थिनरला त्याच्या जेमतेम एक षष्ठांश. म्हणजे पाणी मुळातच सावकाश उडणार, आणि उडताना पत्र्यातली उष्णता ओढून घेणार, पत्रा थंड झाला की अजून सावकाश उडणार. पण खरा फरक याहून साधा आहे. गॅरेजच्या हवेत टोल्यूइन आधीपासून भरलेलं नसतं, त्याला रान मोकळं असतं. पाणी मात्र आधीच तिथे बसलेलं असतं. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. दमटपणा ८५ टक्के असेल तर उरली जागा साडेचार ग्रॅमची. दोन गाड्यांचं गॅरेज धरा ९० घनमीटरचं, म्हणजे एकूण जागा ४०० ग्रॅमच्या आसपास, आणि एक लिटर रंग मारलात तर त्यातून अर्धा किलोभर पाणी बाहेर पडू शकतं! दारं बंद करून रंगवत बसलात तर शेवटचा पॅनल वाळणार तरी कुठे? मुंबईत जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच राहतात, त्यामागचं गणित हेच.

याच आकड्यांतून उपायही निघतो. २० अंशाला एका घनमीटरमध्ये १७ ग्रॅमच वाफ मावते, तेव्हा सकाळची २० अंशाची ८० टक्के दमट हवा तशीच, आहे तेवढ्याच वाफेसकट, ३० अंशापर्यंत तापवली की तिचा दमटपणा ४५ टक्क्यांवर येतो. एक थेंब पाणी बाहेर न काढता! म्हणून जाणकार लोक गॅरेज आधी गरम करतात आणि बाहेरची हवा आत खेळती ठेवतात. फक्त हीटर पेटत्या ज्योतीचा आणि धूर आत सोडणारा नको, गॅस जळला की त्यातूनही पाण्याची वाफच निघते, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. आणि हवा तापवली तरी पत्रा तापला का हेही बघायला हवं, रात्रभर गारठलेलं पंख उबदार दमट हवेत आलं की त्यावर दव धरतं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं बारीक, आणि तुम्ही त्यावर रंग मारता. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारायची जुन्या पेंटरांची युक्तीही इथे जपूनच वापरायला हवी, थिनरच्या रंगाला ते चालून जायचं.

उलट टोकही आहे बरं का. ॲरिझोनात भर दुपारी, जिथे हवा कोरडी ठणठणीत, तिथे गनमधून निघालेला थेंब पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मा वाळतो आणि रंग पॉलिश पेपरसारखा खरखरीत बसतो. तेव्हा तिथले लोक पहाटे उठून रंगवतात.

आता ओघळ. उभ्या पत्र्यावर ओला थर आपल्या वजनाने खाली सरकायला बघतो, आणि त्याचा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, एकूण किती रंग खाली वाहतो ते तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात. थर दुप्पट जाड मारला तर पृष्ठभाग चौपट वेगाने सरकणार आणि आठपट रंग वाहणार. म्हणून ओघळ हळूहळू येत नाहीत, सगळं छान चाललेलं असतं आणि अजून एक हात फिरवला की एकदम पडदा कोसळतो. बरं, पातळच मारत राहावं तर ऑरेंज पील येतं, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर, कारण थेंबांचे उंचवटे सपाट व्हायचे म्हणजेसुद्धा रंग वाहायलाच हवा, आणि तेही जाडीच्या घनावर अवलंबून. निम्मी जाडी, आठपट वेळ. म्हणजे ज्या गुणाने रंग आरशासारखा बसतो त्याच गुणाने तो ओघळतो, या दोन्हींच्या मधली जी फट असते तिच्यात काम करायचं असतं. थिनरच्या रंगात ही फट पेंटर आपल्या हाताने ठरवतो, फास्ट थिनर, स्लो थिनर, पाहिजे तो घ्या. पाण्यात फास्ट पाणी नि स्लो पाणी असं काही नसतं. थोडेफार ॲडिटिव्ह मिळतात, पण फट किती रुंद हे बहुतेक हवाच ठरवते.

यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे बरेच पातळ हात. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहतो, नवख्या माणसाला हे बघवत नाही, त्याला वाटतं पत्रा झाकला पाहिजे आणि तिथेच तो फसतो. तो विरळ हात चिकट झाला, बोट टेकलं की चिकटतं पण रंग बोटाला येत नाही असा झाला, की पुढच्या थराला धरून ठेवणारी पकड तयार होते. मग दुसरा, मग तिसरा. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंच, मनगट न वळवता पूर्ण हात सरळ न्यायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मारताना गनकडे बघायचं नाही, ओल्या रंगात ट्यूबलाइटचं जे प्रतिबिंब पडतं त्याच्या कडेकडे बघायचं. कड फाटल्यासारखी दिसते तोवर थर सुका आहे, कड जुळत आली की थांबायचं, आणि पूर्ण गुळगुळीत व्हायच्या जरा आधीच थांबायचं, कारण हा रंग नंतरही थोडा स्वतःहून सपाट होत राहतो. रिव्हेटची डोकी, बिजागरीच्या कडा, दाराच्या खाचा, ओघळ पहिल्यांदा सुटतो तो इथूनच.

पाण्याची दुसरी खोड म्हणजे पृष्ठताण. पाण्याचा ७२, टोल्यूइनचा २८, एकक तेच, मिलिन्यूटन प्रति मीटर. रंगात साबणासारखी द्रव्यं घालून तो बराच उतरवलेला असतो, पण थिनरसारखा बेफिकीर तो होत नाही. पत्र्यावर बोटाचा तेलकट ठसा असेल तर थिनरचा रंग तेल विरघळवून पुढे जातो, पाण्याचा तिथून मागे सरतो आणि गोल खड्डा पडतो, त्याला फिशआय म्हणतात. म्हणून विमानवाल्यांची एक फार सुंदर चाचणी आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा घासून धुवायचा, स्वच्छ पाणी ओतायचं आणि उभा धरून बघत राहायचं. पत्रा खरंच स्वच्छ असेल तर पाण्याचा पडदा अखंड राहतो, वरून खाली हळूहळू पातळ होत जातो. कुठे जरा जरी तेल असेल तर तिथे पडदा फाटतो, भोक पडतं, पाणी त्याच्या कडेला गोळा होऊन उभं राहतं. सिलिकॉन असलेली कुठलीही पॉलिश गॅरेजमध्ये महिनाभर आधी कुणी वापरली असेल तरी घात होऊ शकतो.

आता हार्डनर. त्यात आयसोसायनेट असतात, ते रंगाच्या रेणूंना आडवे टाके घालतात, त्यानेच थर पेट्रोल सांडलं तरी टिकतो. पण आयसोसायनेटला पाण्याशीही जोडी जमवायला आवडतं, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. पातळ थरातून तो गॅस निसटून जातो, जाड थरात अडकतो आणि नंतर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. पाण्याच्याच रंगात पाण्याशी भांडणारं रसायन घालायचं हा प्रकार मला तरी अजब वाटतो, पण हार्डनर जरा जास्तीचा घालून ते जमवून नेतात. आणखी एक धोका, थिनरवाला दोन पार्टचा, म्हणजे हार्डनर मिसळलेला रंग वापरायची वेळ संपली की घट्ट होतो, कळतं तरी. वॉटरबॉर्न अनेकदा दिसायला तसाच पातळ राहतो आणि मुदत मात्र टळून गेलेली असते, म्हणून घड्याळ लावूनच काम.

वास कमी म्हणून मास्क नको, असं समजणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं. फवाऱ्याच्या धुक्यात हेच आयसोसायनेट असतात आणि फुफ्फुसाला त्यांची एकदा ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही जोराचा दमा उठू शकतो. भोपाळला १९८४ मध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला, रंगातले भाऊबंद त्याच्याइतके उडून जाणारे नाहीत एवढंच. नाकाने वास येऊन इशारा मिळेल या भरवशावर राहूच नये, बाहेरून नळीने ताजी हवा देणारा मास्क सगळ्यात बरा, आणि हातमोजे, अंगभर सूटही हवाच.

गाडी आणि विमान यांच्या रंगात एक फरक मात्र गाडीवाल्याला कधी सुचत नाही, तो म्हणजे वजनाचा. दोन सीटच्या विमानाचा रंगवायचा पृष्ठभाग ४० चौरस मीटर धरला आणि प्रायमरसकट वाळलेला थर १०० मायक्रॉनचा, तर चार लिटर घन रंग झाला, पाच-साडेपाच किलो. आणि ओघळ घासून वर पुन्हा मारलात, आवडलं नाही म्हणून अजून एक हात मारलात, की आकडा चढत जातो. नासाच्या स्पेस शटलची बाहेरची मोठी टाकी पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती, मग तो रंग सोडून दिला आणि जवळपास २७० किलो वाचले, नंतरच्या फोटोंत ती नारिंगी दिसते ती त्यामुळेच. छोट्या विमानात एकूण वजनापेक्षा ते कुठे पडलं हे जास्त नाजूक. एलेव्हेटर, एलेरॉन, रडर हे विमान वर-खाली नेणारे, कलवणारे, वळवणारे, बिजागरीवर हलणारे भाग, त्यांचा बहुतेक पृष्ठभाग बिजागरीच्या मागे असतो, म्हणजे रंगाचं वजनही मागेच जमतं. तोल बिघडला तर एका ठराविक वेगाला ते फडफडायला लागतात, याला फ्लटर म्हणतात, आणि ते फडफडणं काही क्षणांत शेपूट उखडू शकतं. म्हणून रंग पूर्ण वाळला की हे भाग पुन्हा बिजागरीवर टांगून तोल तपासतात, लागेल तसं पुढे शिसं वाढवतात, सगळं जोडून अख्खं विमान परत काट्यावर चढवतात आणि नवं वजन नि गुरुत्वमध्य विमानाच्या कागदपत्रांत नोंदवतात.