लहान मुलांमधली एडीएचडीची लक्षणं

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत अतिचंचलता वगैरे लिहितात पण बोलताना ते कोणी म्हणत नाही, घरी म्हणतात पायाला भिंगरी आहे, शाळेच्या डायरीत लाल पेनाने येतं 'एका जागी बसत नाही', आणि आजी म्हणते याचा बापही असाच होता. आजीचं बऱ्यापैकी बरोबर असतं, कारण हा मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रकार आहे आणि जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून त्यातला आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. जगभरात साधारण ५ टक्के मुलांमध्ये आढळतो, म्हणजे ४० पोरांच्या वर्गात दोनेक तरी. लाड जास्त झाले, मार कमी पडला ही कारणं नव्हेत. साखरेचंही तेच, १९९५ साली तोवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा साखरेने मुलं उधळतात याला काही आधार सापडला नाही, तरी वाढदिवसाचा केक दिसला की आपण तेच बोलतो.

वय ४ च्या आत काही ठरवणं जवळपास अशक्य, कारण तीन वर्षांचं कुठलं पोर एका जागी बसतं? ४-५ वर्षांपासून फरक दिसायला लागतो. मस्ती सगळेच करतात, पण इथे जेवताना ताटावरून चारदा उठणं, रस्त्यात हात सोडवून पळणं, घसरगुंडीच्या रांगेत मधेच घुसणं, बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडणं, आणि कालच पडून खोक पडली तरी आज परत तिथूनच उडी मारणं असं रोजचंच चालू असतं, सोबतची तेवढीच मुलं दमून बसली तरी याचं संपत नाही.

दुसरा प्रकार शांत असतो आणि तोच जास्त निसटतो. चप्पल काढ, हातपाय धू, डबा बेसिनमध्ये ठेव अशी तीन कामं सांगितली तर पहिल्यानंतर पोर खिडकीशी उभं, फळ्यावरून उतरवताना अर्धी ओळ गायब, महिन्यात तिसरी पाण्याची बाटली हरवलेली, हाक मारली तर ऐकू आल्यासारखं वाटतच नाही. मुलींमध्ये हे जास्त दिसतं, त्या कोणाला त्रास देत नाहीत म्हणून तक्रार येत नाही, 'वेंधळी आहे' एवढ्यावर भागतं आणि निदान कित्येकदा थेट कॉलेजात किंवा नोकरीत गेल्यावर होतं.

डॉक्टर मंडळी डीएसएम-५ हे २०१३ चं अमेरिकन निदान-पुस्तक वापरतात, त्यात लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणं दिलीत, मुलांमध्ये एका गटातली किमान ६ हवीत. पण माझ्या मते खरी गोम पुढच्या अटींत आहे: ६ महिने तरी टिकलेली हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ होत असेल तर आधी गणिताकडे बघा.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा, 'मोबाईलवर दोन तास हलत नाही हो, मग कसलं एडीएचडी'. नावामुळे हा घोळ होतो, लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि कंटाळवाण्या कामावर टिकवणं जमत नाही. गेममध्ये दर काही सेकंदाला बक्षीस, आवाज, रंग मिळतो, शुद्धलेखनाच्या वहीत काय मिळतं? त्यामुळे मोबाईलसमोर गप्प बसतो हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नाही, आणि असल्याचाही नाही. २००७ साली अमेरिकेत मेंदूच्या स्कॅनवरून दिसलं की या मुलांचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, इतरांसारख्याच क्रमाने वाढतं पण सरासरी ३ वर्षं मागे, म्हणजे आठ वर्षांच्या पोराकडून काही बाबतीत पाच वर्षांच्या पोराइतकी अपेक्षा ठेवली की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

उलट चूकही होते बरं का. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ९ लाखांवर मुलांची नोंद तपासून २०१२ साली दिसलं की डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीवाल्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा एडीएचडीचं लेबल लागतं, मुलींत तर ७० टक्के. आपल्याकडेही पहिलीच्या प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला धरून मोजतात, तेव्हा साडेपाचचं डिसेंबरी पोर साडेसहाच्या शेजारी बसवून त्याला चंचल ठरवू नका. शिवाय कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, ॲडेनॉइडमुळे (नाकामागची वाढलेली गाठ) घोरणं आणि तुटक झोप, रक्तात लोह कमी, क्षणभर शून्यात बघायला लावणारी फिट, घरातलं टेन्शन, लर्निंग डिसॅबिलिटी हे सगळं वरून तसंच दिसतं, काही तर सोबतच असतं. रक्ताची किंवा स्कॅनची एक टेस्ट करून एडीएचडी कळत नाही, आईबाप आणि शिक्षक दोघांकडून माहिती घेऊनच ठरतं, दहा मिनिटांत निदान करून चिठ्ठी देणारा भेटला तर दुसरीकडे जा.

आधी मुलांच्या डॉक्टरांकडे, मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारी वाट पण आहे, २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत होणाऱ्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे, पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आणि 'गोळ्या चालू करतील' या भीतीने थांबू नये, ६ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पहिला उपाय गोळी नसून आईबाबांचं ट्रेनिंग असतो, सूचना एकेक करून छोट्या द्यायच्या, नीट केलं की लगेच कौतुक करायचं, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवायचा, आणि हे आजीलाही शिकवावं लागतं.