बोलावलं सगळ्यांना, आलं कोण?

१९५७च्या मार्चमध्ये ग्लासगो शहराने क्षयरोगाविरुद्ध काढलेल्या मोहिमेला पार जत्रेचा थाट होता. क्ष-किरणांच्या गाड्या वस्त्यावस्त्यांत उभ्या होत्या, स्वयंसेवक दारोदार फिरत होते, छातीचा फोटो काढून घेणाऱ्याला बिल्ला मिळत होता आणि वर बक्षिसांची सोडतही होती. अडीच लाख लोक येतील असा अंदाज होता. पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक आले. बक्षिसाचं आमिष आज कुणाला थिल्लर वाटेल. पण ज्याला खोकलाही नाही, त्याने कामधंदा सोडून तपासणीला का यावं, हा प्रश्न त्या शहराने निदान गांभीर्याने घेतला होता.

स्क्रीनिंगची, म्हणजे लक्षणं नसलेल्या माणसांना तपासून आजार आधीच हेरण्याची, सगळी अडचण इथेच आहे. आजारी माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. धडधाकट माणसापर्यंत व्यवस्थेलाच जावं लागतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री या अमेरिकन डॉक्टरांनी नवजात बाळांच्या तपासणीसाठी काढलेली युक्ती या बाबतीत फार साधी होती. टाचेला टोचून रक्ताचे थेंब टिपकागदासारख्या कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचे. बाळाला कुठे न्यायलाच नको.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मॅक्सवेल विल्सन आणि गुन्नार युंगनर यांनी स्क्रीनिंगचे दहा निकष मांडले. आजार महत्त्वाचा हवा, चाचणी लोकांना मान्य होणारी हवी, निदान आणि उपचारांची सोय हवी वगैरे. निकष आजही वापरात आहेत. मात्र चाचणी सगळ्यांपर्यंत पोचते का, हा स्वतंत्र निकष त्यांत नव्हता. तीनच वर्षांनी ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी लिहिलं, की ज्यांना चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जास्त, त्यांच्याच वाट्याला ती कमी येते.

ब्रिटनमधली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हे त्याचं ठसठशीत उदाहरण. साठच्या दशकापासून चाचणी उपलब्ध होती, पण तरुण बायका पुन्हा पुन्हा यायच्या आणि जास्त धोका असलेल्या वयस्कर, गरीब बायका राहून जायच्या. १९८८ मध्ये संगणकावरच्या यादीतून प्रत्येकीला पत्र जाऊ लागलं, दोन वर्षांनी उद्दिष्ट गाठणाऱ्या डॉक्टरांना मोबदलाही मिळू लागला. इंग्लंडमध्ये तपासणी झालेल्या बायकांचं १९८८ साली ४२ टक्के असलेलं प्रमाण १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलं. चाचणी तीच होती.

पण यादी, टपाल, प्रयोगशाळा यांतलं काहीच धड नसेल तिथे? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ पासून दुसरी वाट चोखाळली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवलं: सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. तुलनेच्या गटाला ही तपासणी दिलेली नव्हती, त्यावर पुढे टीका झाली. माझ्या मते ती रास्तच होती.

विल्सन-युंगनर निकषांची ४० वर्षांनी, २००८ मध्ये, फेरमांडणी झाली तेव्हा कुठे समन्याय आणि सर्वांना उपलब्धता हे शब्द यादीत आले.

आता एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू, शोधणाऱ्या चाचणीसाठी बाईला स्वतःचा नमुना स्वतःच घेता येतो. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून हा पर्याय सगळ्या पात्र स्त्रियांना खुला केला. संकोच, पुरुष डॉक्टर, बुडणारा रोज असे बरेच अडसर त्याने दूर होतात. अहवाल पॉझिटिव्ह आला तर मात्र पुढच्या तपासणीला दवाखाना गाठावाच लागतो. तिथलं टेबल उंच, खाली-वर न होणारं असेल, तर व्हीलचेअरवरून आलेली बाई त्यावर चढणार कशी?