माडीवरच्या खाटा

सोलापूरच्या जुन्या भागात डोळ्यांचा एक दवाखाना आहे. खाली तपासणी, वर माडी. १९७८च्या हिवाळ्यात माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथं झालं, तेव्हा माडीवर दहा लोखंडी खाटा होत्या आणि दहाही भरलेल्या होत्या. आज तिथं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त ऑपरेशनं होतात आणि माडीवर खाटा उरल्यात दोन. उरलेल्या आठ गेल्या कुठे, हे विचारत गेलो तेव्हा लक्षात आलं की या दवाखान्याचा इतिहास मिलिमीटरात सांगता येतो. डोळ्यावरची चीर जसजशी आखूड होत गेली, तसतशा खाटा कमी होत गेल्या.

आजीचं ऑपरेशन गड्ड्याची जत्रा पार पडल्यावर झालं. मोतीबिंदू थंडीतच काढायचा, असा तेव्हा रिवाजच होता. ऑपरेशननंतर तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, मग दुसरा का बांधला, हे मी तेव्हा कंपाउंडरकाकांना विचारलं होतं. "एक डोळा बघायला लागला की दुसरा त्याच्यासंगं फिरतो, बाळा," ते म्हणाले. अगदी खरं आहे. आपले दोन्ही डोळे एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे एकत्र वळतात.

मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, शौचाला जोर करायचा नाही. चावणंसुद्धा बंद. जन्मभर कडक भाकरी खाल्लेल्या बाईला आठवडाभर दूधभात आणि खीर. "मावशी, अजून दोनच दिवस," असं काका रोज सांगायचे, आणि "आता किती दिस असंच पडून ऱ्हायचं?" हे आजी रोज विचारायची.

ही पथ्यं फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरच्या शस्त्रकर्माचं वर्णन आहे, आणि त्यानंतर रोग्यानं उताणं निजावं, ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं, अंग हलवणं टाळावं, असं सांगितलं आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग. सुश्रुताच्या रीतीत ते बाहेर काढत नसत. यवाच्या, म्हणजे जवाच्या दाण्याच्या, टोकासारख्या शलाकेनं (बारीक सळईनं) ते बाहुलीच्या वाटेतून दूर सारत. वाट मोकळी झाली की उजेड आत जाई. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदानं १७४७ साली सुरू केली, तीही कोणतंही भूल देणारं औषध नसताना. डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचे थेंब वापरता येतात, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं दाखवलं ते १८८४ साली. मधली १३७ वर्षं बहुतेक माणसं शुद्धीत राहून, सगळ्या वेदना सोसत हे करून घेत होती. या आकड्यापाशी मी दर वेळी थबकतो.

आता आजीच्या चिरेकडे येऊ. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे पारपटल, सुमारे १२ मिलिमीटर रुंद असतो. त्यामागचं भिंग नऊ-दहा मिलिमीटर रुंद आणि चारेक मिलिमीटर जाड. हे भिंग त्याच्या आवरणासकट अखंड बाहेर काढायचं, ही तेव्हाची पद्धत होती. मग दार तेवढं मोठं हवं. म्हणून पारपटलाच्या वरच्या कडेनं जवळजवळ अर्धवर्तुळाकार चीर घेत. भिंग बारीक तंतूंनी चहूबाजूंनी टांगलेलं असतं, मागावरच्या ताण्यासारखं. ते तंतू तुटून भिंग अलगद सुटावं यासाठी १९६१ साली पोलंडच्या क्रवाविच यांनी गोठवणाऱ्या सळईची युक्ती काढली. ओलं बोट बर्फाच्या लादीला चिकटतं तसं भिंग थंडगार टोकाला चिकटतं आणि सळईबरोबर बाहेर येतं.

पण चीर राहतेच. डोळा हा आतून दाब असलेला गोळा आहे. निरोगी डोळ्यात हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. शिंकताना, खोकताना, कुंथताना तो एकदम चढतो आणि आतल्या बाजूनं जखम ढकलतो. अर्धवर्तुळाएवढी चीर, तिच्यावर मोजके टाके आणि आतून रेटा. वाळूच्या पिशव्या, दूधभात, पट्ट्या, दहा खाटा, सगळं या एका रेट्यापायी होतं.

पट्टी सुटल्यावर आजीला दिसलं, पण कसं दिसलं हे आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद ६० डायॉप्टरच्या आसपास असते, त्यातला तिसरा हिस्सा भिंगाचा. भिंग काढून टाकलं की ती उणीव चष्म्यानं भरायची, म्हणजे सुमारे +१० नंबरच्या जाड काचा. या काचांमधून प्रत्येक वस्तू पाव पटीहून अधिक मोठी दिसते. आजी पेल्याला हात घालायची आणि हात अलीकडेच मिटायचा. काचेच्या कडेला तर एक आंधळा पट्टा असतो. समोरून येणारा सायकलवाला त्या पट्ट्यात गडप व्हायचा आणि एकदम पुढ्यात उभा राहायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर दोन डोळ्यांच्या दोन आकारांच्या प्रतिमा मेंदूला जुळवता येत नाहीत, म्हणून दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहणं सुटायचं.

"मोतीबिंदू पिकू दे, मग काढू" हा सल्ला यातूनच आला. अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यापेक्षा ऑपरेशननंतरची नजर अधिक अडचणीची, त्यामुळे अगदी दिसेनासं होईपर्यंत थांबणं तेव्हा शहाणपणाचं होतं. आज ते नाही. अतिपिकलेल्या भिंगातली प्रथिनं झिरपून डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. तरी आमच्या जिल्ह्यात अजूनही आंब्यासारखी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणारी माणसं भेटतात. मनापासून सांगतो, वाट पाहू नका.

त्या काळात डॉक्टरांकडे जाणं जमत नसेल तर डॉक्टर गावात येत. शेजारच्या, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी एका दिवसात शेकडो ऑपरेशनं करणाऱ्या शिबिरांसाठी देशभर ओळखले जात. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शिबिरांनी लाखो लोकांना उजेड दिला आणि त्याबरोबर जाड काचाही दिल्या.

खालच्या मजल्यावरची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती अधिक आवडते. तपासणीची खोली जेमतेम तीन मीटर लांब. नजर मोजायला अंतर लागतं सहा मीटर, कारण तितक्या लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात आणि डोळ्याला जवळचं पाहण्यासाठी जोर लावावा लागत नाही. मग तक्ता रोग्याच्या डोक्यामागे आणि समोर आरसा. तीन जाताना, तीन येताना, झाले सहा. आरशात अक्षरं सुलट दिसावीत म्हणून तक्त्यावर ती उलटी छापलेली. लहानपणी मी त्या उलट्या 'क'कडे टक लावून बसायचो. नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली हा तक्ता बसवला. त्यांचं गणित सोपं आहे. निरोगी डोळ्याला डोळ्यापाशी पाच कला, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग, एवढा कोन करणारं अक्षर वाचता यावं. सहा मीटरवर ते भरतं पावणेनऊ मिलिमीटर उंच. सर्वांत वरचं मोठं अक्षर त्याच्या दहापट, सुमारे ८७ मिलिमीटर.

सोलापुरात एका भाषेवर भागत नाही. दवाखान्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू असे चार तक्ते होते. पूर्व भागातून येणारे पद्मशाली विणकर तेलुगू वाचायचे, अक्कलकोटकडची मंडळी कानडी. ज्यांना कोणतंच अक्षर येत नाही, त्यांच्यासाठी इंग्रजी 'ई'सारखी तीन दात्यांची खूण चार दिशांना फिरवलेली, आणि दाते जिकडे असतील तिकडे तीन बोटं दाखवायची. विडी वळणाऱ्या बायकांची बोटं यात इतकी चपळ असायची की काका मागे पडायचे.

या खोलीतला मोठा धंदा होता चाळिशीचा. मराठीनं या चष्म्याचं नाव वयावरूनच ठेवलं, आणि शास्त्रही तेच सांगतं. लहानपणी भिंग लवचीक असतं. दहाव्या वर्षी ते आपली ताकद १४ डायॉप्टरच्या आसपास वाढवू शकतं, चाळिशीत चार-पाच, साठीत जेमतेम एक. हातभर अंतरापेक्षा जवळचं, समजा ३३ सेंटिमीटरवरचं काम करायला तीन डायॉप्टर लागतात, आणि सगळी ताकद सतत ताणून ठेवता येत नाही. म्हणजे चादरीच्या मागावर तुटलेला धागा सांधणारा, फणीतून टोक ओवणारा कारागीर ऐन उमेदीत अडतो. त्याला वाटतं हात चुकतोय. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. तो निष्कर्ष वाचला तेव्हा मला आमच्या यंत्रमागांचे कारखाने डोळ्यांसमोर आले. इतकी स्वस्त आणि इतका परिणाम करणारी वस्तू वैद्यकात फार थोडी असेल.

आता पुन्हा माडीवर. आजी वाळूच्या पिशव्यांमध्ये निजली होती, त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधीच तिच्या जाड चष्म्यावरचा उपाय निघालेला होता. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचछताचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते विशिष्ट प्लास्टिक डोळा मुकाट सहन करतो, असं लंडनचे हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी ते डोळ्यात ठेवलं. सहव्यवसायिकांनी त्यांना बरीच वर्षं विरोध केला. पुढे पद्धत सुधारली, भिंगाचं मागचं आवरण डोळ्यातच राखून त्याच्या पिशवीत नवं भिंग ठेवायला लागले. पण परदेशी भिंगाची किंमत विणकराला झेपणारी नव्हती. मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय उभं केलं होतं. त्यांच्याच संस्थेच्या ऑरोलॅबनं १९९२ साली अशी भिंगं देशात बनवायला घेतली आणि किंमत कितीतरी पटींनी उतरली. जागतिक बँकेच्या मदतीनं १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. आमच्या भागातले जाड चष्मे त्याच सुमारास दिसेनासे झाले.

खाटा मात्र वेगळ्या युक्तीनं गेल्या. चीर सरळ आत न घेता डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरकी, बोगद्यासारखी घ्यायची. बाहेरचं तोंड सहा-सात मिलिमीटर, आतली बाजू पातळ पडद्यासारखी. भिंग बाहेर काढलं, नवं बसवलं, आणि आतल्या दाबानं तो पडदा आपोआप दाबून बसतो. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व पाहिलाय? वरच्या पाण्याच्या भारानंच तो घट्ट मिटतो. तसंच. आजीची जखम जो रेटा उघडू पाहत होता, तोच रेटा ही जखम मिटवतो. बहुतेकदा टाकाही लागत नाही.

त्याहून बारीक चीर चार्ल्स केलमन यांच्या फेको पद्धतीनं आली, १९६७ साली. दात साफ करणारं कंपनाचं यंत्र दंतवैद्याकडे स्वतःच्या तोंडात चालताना त्यांना ही कल्पना सुचली. सेकंदाला ४० हजारांच्या आसपास कंपनं करणारी पोकळ सुई भिंगाचा चुरा करते आणि शोषून घेते. घडी घालता येणारं भिंग त्याच वाटेनं आत जाऊन उलगडतं. चीर दोन-अडीच मिलिमीटर. माणूस सकाळी येतो, दुपारी रिक्षानं घरी जातो आणि रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो. थंडीचीही वाट पाहावी लागत नाही.

मग दोन खाटा का ठेवल्या? मी गेलो तेव्हा त्यातल्या एकीवर माळशिरसकडून आलेला एक ऊसतोड कामगार होता. उसाच्या पात्याची धार डोळ्याला लागली होती. पात्यावरची बुरशी जखमेत शिरते आणि पारपटलावर पांढरट व्रण पडतो. गावात कुणीतरी स्टेरॉइडचे थेंब दिले. लाली उतरली, बरं वाटलं आणि बुरशी आत पसरत गेली, कारण तिला रोखणारी शरीराची फौजच त्या थेंबांनी माघारी बोलावली होती. यावर मुख्य औषध नॅटामायसिन. दक्षिण भारतातल्या अरविंद रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ साली आले, ते नव्या व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं. पण ते पारपटलात खोल शिरत नाही. म्हणून सुरुवातीला तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. घरी हे कोण करणार? त्याच्या उशाशी घड्याळ होतं. सिस्टरनं मला बाजूला व्हायला सांगितलं, खालची पापणी ओढली, थेंब सोडला आणि भिंतीवरच्या कागदावर चार वाजल्याची खूण केली.