रेसिंगचे ब्रेक पॅड टाकले की पिकअप जागेवर थांबते?

गुळाच्या ढेपा भरून गगनबावड्यातून कोकणात उतरणाऱ्या पिकअपवाल्यांत हा समज घट्ट बसलाय. खरं तर रेसिंगचा पॅड चांगला तापल्यावरच नीट धरतो. थंड असताना त्याची पकड साध्या पॅडहूनही कमी असू शकते. कोल्हापुरात गंगावेशीत अचानक म्हैस आडवी आली, तर पॅड तापायची वाट कोण बघणार? वर पॅड जिला आवळतो ती चाकाची डिस्क लवकर झिजते, ते वेगळंच.

करूळ घाटात ब्रेक दगा देतो तो दोन तऱ्हांनी. पॅड अती तापला तर पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. इथं चांगला पॅड कामाला येतो. पेडल मऊ होऊन आत जात असेल तर मात्र बहुधा ब्रेक ऑइल उकळलंय. डॉट ३ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअस सोसतं. ओलावा मुरला की ही हमी १४० वर येते. तिथं महागडा पॅड काय करणार?

ओझ्याच्या गाडीसाठीचा सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेला पॅड घ्या, पुढच्या दोन्ही चाकांना एकदमच बदला. बहुतेक पिकअपला मागं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, त्यांचे लायनरही (आतले घासणारे पट्टे) बघून घ्या. आणि उताराला गाडी खालच्या गिअरात ठेवा, न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवायच्या भानगडीत पडू नका.