‘कोर्ट मॅरेज’ एका दिवसात होत नाही, आणि कोर्टातही होत नाही

‘दोन साक्षीदार घेऊन कोर्टात जा, संध्याकाळी नवरा-बायको म्हणून बाहेर या’, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. ते खरं नाही. विशेष विवाह कायदा, 1954 नुसार लग्न कोर्टात नाही, तर सरकारने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं. आधी लेखी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग 30 दिवस राहिलेला असावा. बऱ्याच जोडप्यांचं इथेच अडतं. नोटीस कार्यालयात लावली जाते, मग 30 दिवस हरकतींची वाट पाहायची. नोटिशीपासून 3 महिन्यांत लग्न झालं नाही, तर नवी नोटीस. साक्षीदार तीन लागतात. अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना, समजेल त्या भाषेत, पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं मोठ्याने म्हणायचं.

गोंधळ होतो तो नोंदणीमुळे. विधीने आधीच झालेल्या लग्नाची नोंदणी लवकर उरकते, पण ती वेगळी गोष्ट.

‘आईवडिलांची सही हवी’ हेही खोटं. मुलगा 21, मुलगी 18 पूर्ण असेल तर संमती फक्त त्या दोघांची. वय, हयात जोडीदार, निषिद्ध (लग्नाला मनाई असलेलं जवळचं) नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता, एवढीच हरकतीची कारणं. जात, धर्म किंवा घरच्यांची नाराजी त्यात बसत नाही.

धर्मही बदलावा लागत नाही. आधीच्या, 1872 च्या विशेष विवाह कायद्यात मात्र ‘मी हिंदू नाही’ असं लिहून द्यावं लागे! ती अट हिंदू, बौद्ध, शीख, जैनांसाठी 1923 मध्ये गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला 1919 मध्येच कायद्याचा आधार दिला होता.