भयपट हसवतो तेव्हा: ठरवून की चुकून?

कमी पैशांत केलेल्या भयपटाला हशा पिकतोच. त्यातला काही दिग्दर्शकानं मागितलेला असतो, काही नकळत निसटलेला. ऐकायला दोन्ही सारखेच, म्हणून हॉरर-कॉमेडी आणि फसलेला भयपट यांत गल्लत होते. प्रेक्षक कुणाला हसताहेत ते बघा. भुताला हसले तर सिनेमा फसला. घाबरलेल्या माणसाला हसले आणि पुढच्याच मिनिटाला चिडीचूप झाले, तर जमला.

करवीर तालुक्यातला उसाचा फड घ्या. रात्रीच्या लायटीला पाणी पाजायला गेलेला शेतकरी, बांधावर पिंपळ, पिंपळाखाली मुंजा. शेतकऱ्याचे पाय लटपटतात, पण लाईट पहाटे जाणार आणि अजून निम्मं रान कोरडं, म्हणून तो हात जोडून मुंजाला म्हणतो, "देवा, जरा पाटातनं बाजूला होतासा काय?" हसू येतं ते त्याची काळजी खरी आहे म्हणून. नटानं हे वाक्य हसवायच्या सुरात टाकलं की प्रसंग मेला. मुंजानंही आपला नियम पाळायचा: पिंपळ सोडत नसेल, तर शेवटपर्यंत सोडायचा नाही.

हाच प्रसंग फसतो तो बहुतेक वेळा उजेडामुळं. मुंजा पहिल्याच शॉटला नखशिखांत दिसतो, वरून पांढरा एलईडी, मानेशी पावडर संपल्याची रेघ. त्याला सहा-सात मिनिटं नुसतं पानांच्या सळसळीत ठेवा, खर्चही वाचतो. मोबाईलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस लॉक करा, नाहीतर फोन अंधार उजळायला बघतो आणि चित्रात दाणे येतात. सेकंदाला २४ फ्रेमनं शूट करताना शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं १/६० वर साध्या चोकची ट्यूब लुकलुकते.

रक्तासाठी नुसता खायचा लाल रंग पाण्यात कालवला की पडद्यावर सरबत दिसतं. वाटीभर काकवीत लाल रंग थोडा थोडा घाला, पाव चमचा कोको कालवा. दाट, काळपट लाल होतं. कपड्याच्या कोपऱ्यावर आधी लावून बघा, डाग जात नाही. आणि मुंग्या येतात, तेव्हा शॉट झाला की लगेच पुसा.

पण खरा घात आवाजात होतो. दचकवणारा आवाज भूत दिसतं त्याच फ्रेमला पडायला हवा. अर्धा सेकंद म्हणजे १२ फ्रेम उशीर झाला, की भूत आधी दिसतं, धडाम नंतर होतं आणि लोक हसतात. प्रत्येक जागेचा मिनिटभर नुसता आवाज, रातकिडे, मोटारीची घरघर, वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. तो एडिटमध्ये सगळ्या शॉटखाली सलग नसेल तर प्रत्येक कटला रातकिडे तुटतात आणि जोड उघडा पडतो. विनोदात उलट: वाक्य संपल्यावर शॉट दीड-दोन सेकंद धरून ठेवायचा, वर गमतीचं संगीत लावायचं नाही.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाला. स्थिर कॅमेरा, झोपायची खोली, उघडं दार. बघणाराच दाराकडं डोळे लावून बसतो. जपानी 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) तर या दोन्ही हशांना एकत्र आणतो. पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटची आणि गबाळी वाटतात: नट उगीच थांबतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. पुढं त्यातल्या चुकांमागं काय चाललं होतं ते कळतं आणि त्या राबणाऱ्या माणसांवर जीव जडतो. या सिनेमांची ओढ तिथंच आहे. केलेले कष्ट पडद्यावर दिसतात. मुद्दाम वाईट केलेल्या सिनेमात ते नसतात, म्हणून तो वीस मिनिटांत कंटाळा आणतो.

कोल्हापूरला हाताची ही कारागिरी नवी नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच घडवला, आणि त्यांच्या १९२० च्या 'सैरंध्री' या मूकपटातला कीचकवध इतका जिवंत होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला.

तुमचा सिनेमा कुठल्या बाजूला पडतो ते एडिटच्या टेबलावर कळत नाही. गोष्ट ठाऊक नसलेल्या पाच-सहा जणांना अंधाऱ्या खोलीत दाखवा, तुम्ही मागं बसा, आणि न मागितलेला हशा कुठल्या सेकंदाला आला ते लिहा. पुष्कळदा भुताचा शॉट दोन सेकंदांनी छाटला की तो थांबतो.